गाडीच्या विम्यातला नो क्लेम बोनस: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि तो न्याय्य आहे का याचं माझं उत्तर)

साताऱ्यात गाड्यांच्या विम्याचं काम करतोय त्याला आता १४ वर्षं झाली. रिन्यूअलचा मेसेज गेला की अर्ध्या तासात उलट मेसेज येतो आणि त्यातले निम्मे प्रश्न एनसीबीचे म्हणजे नो क्लेम बोनसचेच असतात, "माझी चूक नव्हती तरी बोनस का गेला" हा तर जवळपास दर आठवड्याला. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत. उत्तरं खाजगी कारला धरून आहेत, टू व्हीलरला कुठे वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

१. एनसीबी म्हणजे नेमकं काय? कंपनी खूश होऊन देते का?

नाही, खूश होऊन नाही, ठरलेली पायरी आहे. पॉलिसीच्या पूर्ण वर्षात तुमच्या गाडीच्या नुकसानीचा एकही क्लेम नसेल तर पुढच्या रिन्यूअलला २० टक्के सूट, सलग दोन वर्षं नसेल तर २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५ आणि पाच वर्षं ५०. त्याच्या वर जात नाही. ही शिडी २००२ च्या मोटर टॅरिफपासून (गाडीच्या विम्याचे दर आणि नियम सांगणारी नियमावली) अशीच आहे. त्याआधी ५५ आणि ६५ टक्क्यांपर्यंत जायची, आणि ज्यांना तेव्हा ते मिळालेलं होतं त्यांचं पहिला क्लेम होईपर्यंत तसंच ठेवलं होतं.

२. पॉलिसीवर ५० टक्के लिहिलंय, मग प्रीमियम अर्धा का नाही झाला?

कारण ही सूट फक्त ओन डॅमेजच्या म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीचा म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा भाग वेगळा, तो सरकार ठरवतं आणि सगळ्यांना सारखाच असतो: १ जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. यात एक रुपयाही कमी होत नाही. त्याच्यावर मालक-चालकाचा अपघात विमा, झिरो डेपसारखी (पार्टवरचा घसारा न कापणारी) ॲड-ऑन म्हणजे जास्तीची कव्हर आणि १८ टक्के जीएसटी.

आणखी एक बघा. २००७ पासून ओन डॅमेजचा मूळ दर कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे ५० टक्के "कशावर" हे जास्त महत्त्वाचं. दोन कोटेशन शेजारी ठेवाल तेव्हा टक्के बघू नका, आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत सारखी आहे ना ते बघा आणि मग खालची शेवटची रक्कम बघा.

३. एक छोटा क्लेम केला तरी सगळा बोनस शून्य होतो का?

हो. ४ हजाराचा क्लेम असो की ४ लाखाचा, पुढच्या रिन्यूअलला शून्य, आणि तिथून पुन्हा २० पासून चढायचं. पाच वर्षं सांभाळलेलं एका झटक्यात जातं. एक पायरी खाली येणं वगैरे आपल्याकडे नाही. माझा पहिला आक्षेप इथेच आहे, नुकसान किती झालं याचा शिक्षेशी काहीच संबंध नाही.

४. बंपर गेलाय, गॅरेजवाला म्हणतो कॅशलेस आहे क्लेम करून टाका. करू का खिशातून भरू?

गॅरेजवाल्याचं काम क्लेमने होतं, त्याला तुमच्या पुढच्या पाच वर्षांचं देणंघेणं नाही. आधी गणित करा आणि मगच सही करा.

समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम सूट न धरता १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात म्हणजे ६,००० भरता. क्लेम केला तर पुढची पाच वर्षं तुम्ही अनुक्रमे १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० भराल, आणि क्लेम केला नसता तर दरवर्षी ६,०००. फरकांची बेरीज केली की ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० मिळून १५,००० होतात, जीएसटी धरून १७,७००. गाडी जुनी होते तशी आयडीव्ही उतरते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, पण अंदाज हाच.

आता बंपरचं पार्ट, रंग आणि मजुरी मिळून बिल ९,००० आलंय. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, वरून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० ची सक्तीची कपात (त्याच्या वरच्या गाडीला २,०००), म्हणजे कंपनीकडून ५ हजाराच्या आसपास मिळणार. पाच हजार मिळवायला पंधरा हजार घालवायचे. असे क्लेम मी दर महिन्याला बघतो, लोक करून बसतात आणि रिन्यूअलला डोक्याला हात लावतात.

बोनसच्या कुठल्या पायरीवर आहात त्याप्रमाणे हे नुकसान बदलतं. मी मांडून ठेवलंय. पहिल्याच वर्षी क्लेम केला तर पुढच्या वर्षांत मिळून पूर्ण ओन डॅमेज प्रीमियमच्या ५० टक्के जातात, सध्या २० वर असाल तर ८० टक्के, २५ वर १०५, ३५ वर १२०, आणि ४५ किंवा ५० वर असाल तर १२५ टक्के. म्हणजे पोचा तोच, गॅरेज तेच, बिल तेच, पण नवख्याला निम्म्या प्रीमियमचा फटका आणि जो पाच वर्षं सांभाळून चालवतोय त्याला सव्वापट. जास्त जपणाऱ्याचं जास्त जातं.

५. माझी गाडी पार्किंगमध्ये उभी होती, दुसऱ्याने ठोकली. माझी चूकच नाही तर माझा बोनस का जावा?

जायला नको, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण जातो. आपल्याकडे शिडी फक्त "क्लेम झाला का" एवढंच विचारते, "चूक कोणाची" हे विचारतच नाही.

याच्या मागे कंपन्यांची आपसातली सोय पण आहे, नॉक फॉर नॉक म्हणतात तिला. दोन विमा असलेल्या गाड्या एकमेकांवर आदळल्या तर ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाची गाडी करून द्यायची, एकमेकांकडे वसुलीला जायचं नाही. कंपन्यांचा कोर्टकचेरीचा खर्च वाचतो आणि तुमची गाडी लवकर होते हे खरं, पण त्यात तुमची कंपनी पैसे देते म्हणून क्लेम तुमच्या नावावर लागतो आणि बोनस तुमचा जातो.

मग उपाय काय. एक, समोरच्याशी जागेवरच बोलून दुरुस्तीचे पैसे घ्या, पण लेखी घ्या, यूपीआयने घ्या, नुसता नंबर घेऊन सोडू नका. दोन, पोलिसात नोंद करून समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाका, मालमत्तेच्या नुकसानीला खाजगी कारच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं आणि यात तुमचा बोनस शाबूत राहतो. फक्त वकील, तारखा आणि वेळ. वीस हजाराच्या दरवाजासाठी मी कोणाला हा रस्ता सुचवत नाही, मोठं नुकसान असेल तर जरूर विचार करा.

६. मग ज्याने अपघात केला, माणूस जखमी केला, त्याचा बोनस तरी जातो ना?

हा प्रश्न लोक कमी विचारतात पण खरा हाच विचारायला पाहिजे. उत्तर आहे, थर्ड पार्टीच्या क्लेमने एनसीबी जात नाही. एनसीबी फक्त ओन डॅमेजला बांधलेली आहे.

याचा अर्थ काय होतो ते मी माझ्या टेबलावर बघितलंय. एक ग्राहक, गाडी रात्री हायवेला होती, सायकलवाल्याला धडक बसली, त्या माणसाचा पाय कायमचा गेला. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, भरपाई कंपनीने भरली आणि ती भरायलाच हवी होती, थर्ड पार्टी विमा त्यासाठीच असतो. पण गाडीचा फक्त एक हेडलाईट फुटला होता, तो त्याने बाजारातून आणून बसवला, ओन डॅमेजचा क्लेम केला नाही. पुढच्या रिन्यूअलला त्याचा बोनस ४५ वरून ५० झाला. तो ५० चा आकडा मीच टाईप केला, नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. थर्ड पार्टीचा प्रीमियम तर सरकारी, सीसीवर ठरणारा, तोही वाढला नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो की याला "सुरक्षित चालवण्याचं बक्षीस" म्हणू नका, काही जाहिरातींत तसं म्हणतात ते चूक आहे. तुम्ही गाडी कशी चालवता हे ही सूट मोजतच नाही, तुम्ही स्वतःच्या गाडीसाठी पैसे मागितले की नाही एवढंच मोजते.

७. झाड पडलं, पुराचं पाणी शिरलं, उंदरांनी वायरिंग खाल्लं, यात पण बोनस जातो?

जातो. क्लेम तो क्लेम.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गुरुजी, जुनी वॅगनआर, वर्षाला चार हजार किलोमीटर पण नाही चालत, वाईला जायचं आणि यायचं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गुलमोहराची फांदी टपावर आली, टप बसला आणि पुढची काच गेली, ३१ हजाराचं एस्टिमेट. त्यांना मी क्लेम करायलाच सांगितला, तेवढी रक्कम खिशातून जाणं शक्य नव्हतं. वर्षभराने रिन्यूअलला जुना आणि नवा असे दोन्ही कागद त्यांनी टेबलावर शेजारी ठेवले, एका ओळीत ५० आणि दुसऱ्या ओळीत ०, त्या शून्यावर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, "यात माझं काय चुकलं तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता प्रश्न ६ मधला माणूस आठवा. चोर सोडून संन्याशाला फाशी याला नाही म्हणायचं तर कशाला.

पुराचं तर गावच्या गाव. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण, शेकडो गाड्या पाण्यात गेल्या, त्यात ड्रायव्हिंगचा काय संबंध? निदान सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या भागातले क्लेम बोनसमधून वगळले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. (पुरात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, तसा मारून इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसताना ते पैसे मिळत नाहीत. बोनसशी याचा संबंध नाही, पण राहवत नाही म्हणून सांगतो.)

८. बाहेरच्या देशात पण असंच आहे का?

सगळीकडे नाही. फ्रान्समध्ये १९७६ पासून गुणकाची पद्धत आहे: सुरुवात १ पासून, दर चांगल्या वर्षाला गुणक ५ टक्क्यांनी कमी होतो, उतरत उतरत ०.५० पर्यंत म्हणजे निम्म्या प्रीमियमवर येतो, आणि तुमच्या चुकीने अपघात झाला तर २५ टक्क्यांनी वाढतो. चूक अर्धी-अर्धी असेल तर साडेबारा टक्के. तुमची चूकच नसेल तर काही नाही. यात दोन गोष्टी आपल्यापेक्षा चांगल्या आहेत, एक म्हणजे चूक विचारतात आणि दुसरं म्हणजे एका अपघाताने माणूस थेट तळाला जात नाही. आणि त्यात दुसऱ्याला केलेली इजासुद्धा मोजली जाते.

ब्रिटनमध्ये कंपनीप्रमाणे बदलतं, पण साधारणपणे पाच वर्षांचा बोनस असेल तर एका क्लेमने दोन-तीन वर्षांवर येतो, शून्यावर नाही. आणि तुमच्या कंपनीने समोरच्याकडून सगळे पैसे वसूल केले तर बोनस तसाच राहतो.

९. मग कंपन्या हे असं ठेवतातच कशाला?

त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. दर चऱ्यासाठी, दर आरशासाठी क्लेम आला तर सर्व्हेयर, कागद, फोन यांचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त व्हायचा आणि तो सगळ्यांच्या प्रीमियममध्ये यायचा. बोनसमुळे लोक किरकोळ कामं स्वतः करतात म्हणून दर आटोक्यात राहतात. शिवाय ज्याचे क्लेम जास्त त्याचे पुढेही जास्त येतात हा विमावाल्यांचा जुना अनुभव आहे, चूक कोणाचीही असो. रोज गर्दीत रस्त्यावर लावलेली गाडी जास्त वेळा ठोकली जाणारच.

हे सगळं मान्य करून सुद्धा मला तीन बदल हवेत. क्लेमने एक-दोन पायऱ्या खाली या, थेट शून्य नको. समोरच्याची चूक पोलीस नोंदीने सिद्ध असेल तर बोनसला हात लावू नका. आणि दुसऱ्याला इजा केली तर ती कुठेतरी मोजा. शेवटचं अशक्य नाहीये, वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना वेगळा जास्तीचा प्रीमियम लावायचा मसुदा २०२१ मध्ये आलाच होता, आणि जुलै २०२२ ला आयआरडीएआयने म्हणजे विमा नियामकाने किती चालवता, कशी चालवता यावर प्रीमियम ठरवणाऱ्या ॲड-ऑनला परवानगी दिली. कमी चालवणाऱ्या गुरुजींसारख्यांनी ते ॲड-ऑन जरूर विचारून बघावं.

१०. एनसीबी प्रोटेक्ट ॲड-ऑन घ्यावं का?

हे घेतलं असेल तर क्लेम केला तरी बोनस शाबूत राहतो. ३५ च्या वर असाल आणि गाडी रस्त्यावर किंवा दाट वस्तीत लावत असाल तर घ्या. २० वर असताना मी सहसा नाही सुचवत. घेताना तीन गोष्टी वाचा: वर्षात किती क्लेम चालतात (बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन), चोरी आणि टोटल लॉस (गाडी पूर्ण निकामी होणं) धरतात का, आणि गाडीच्या वयाची मर्यादा. कंपनी बदललीत तर नवी कंपनी ते संरक्षण मानेलच असं नाही, हे आधी विचारून घ्या.

आणि हे टक्के वाचवतं, प्रीमियम नाही. बोनस ५० राहिला तरी क्लेममुळे कंपनी मूळ दर वाढवू शकते. ब्रिटनमध्ये तर २०१५ ला स्पर्धा नियामकाने हुकूम काढला की हे ॲड-ऑन विकताना प्रीमियम तरीही वाढू शकतो असं ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे विकणारा सांगतोच असं नाही, म्हणून मी सांगतोय.

११. रिन्यूअल विसरलो. बोनस गेला का?

संपल्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत केलं तर बोनस मिळतो, ९१ व्या दिवशी गेला. पण ९० दिवस आहेत म्हणून निवांत बसू नका, त्या मधल्या काळात गाडीला विमा नसतो, काही झालं तर एक रुपया मिळणार नाही आणि गाडीचं इन्स्पेक्शन झाल्याशिवाय नवीन पॉलिसी सहसा देत नाहीत.

इथे नवीन गाडीवाले फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि टू व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, ओन डॅमेज बहुतेकांचा एकेक वर्षाचा असतो. लोकांना वाटतं "माझा विमा तीन वर्षं आहे" आणि ओन डॅमेज संपून सहा महिने झालेले असतात. थर्ड पार्टी चालू असली तरी बोनस वाचत नाही.

१२. गाडी विकतोय, बोनस नवीन मालकाला जाणार का?

नाही, बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. विकल्यावर कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या, त्याला पॉलिसीची प्रत, आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती आणि गाडी दिल्याचा कागद लागतो. ते तीन वर्षं चालतं, त्यात नवीन गाडी घेतली की तिच्या ओन डॅमेजला तीच सूट. नवीन गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम मोठा असतो त्यामुळे ५० टक्क्यांचं हे पत्र म्हणजे बऱ्यापैकी मोठी रक्कम असते, आणि शोरूममध्ये स्वतःहून कोणी आठवण करत नाही. एक्स्चेंजमध्ये गाडी देताना तर हमखास राहून जातं.

कारचा बोनस कारलाच, टू व्हीलरचा टू व्हीलरलाच. एकच बोनस दोन गाड्यांना पण लावता येत नाही, दुसरी कार घेतली तर ती शून्यापासून.

१३. सेकंड हँड गाडी घेतली, डीलर म्हणाला पॉलिसीत ५० टक्के एनसीबी आहे, काळजी नको.

काळजीच करा. तो बोनस जुन्या मालकाचा आहे (प्रश्न १२). पॉलिसी तुमच्या नावावर करताना उरलेल्या दिवसांच्या बोनसचा फरक कंपनी तुमच्याकडून भरून घेते आणि तुम्ही शून्यापासून सुरू करता.

जास्त महत्त्वाचं म्हणजे नाव बदलायला १४ दिवस असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचा भाग आपोआप नवीन मालकाकडे जातो, ओन डॅमेजचा नाही. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्याच्या नावावर असताना गाडी ठोकली तर क्लेम नाकारतात. असे दोघं गेल्या वर्षी माझ्याकडे आले, काही करता आलं नाही.

१४. ऑनलाईन भरताना "मागच्या वर्षी क्लेम नव्हता" वर टिक केलं, खरं तर होता. काय होईल?

त्या टिकमध्ये तुम्ही असं लिहून देता की हे चुकीचं निघालं तर ओन डॅमेजचे सगळे फायदे जप्त. चार हजार वाचवायला गेलात आणि चार लाखाचा क्लेम अडकला असं होतं. आता क्लेमचा डेटा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे असतो, लपत नाही.

चुकून झालं असेल तर आजच कंपनीला मेल करा, फरक भरा, दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीत बदल केल्याचा कागद घ्या. अपघात व्हायच्या आधी हे केलंत तर प्रश्न मिटतो.

दुसरी बाजू पण सांगतो. टॅरिफच्या नियम २७ मध्ये नव्या कंपनीवरही जबाबदारी टाकली होती, पॉलिसी दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. कंपनीने काहीच तपासलं नाही, प्रीमियम घेऊन गप्प बसली आणि क्लेम आल्यावरच कागद उघडले अशा केसेसमध्ये ग्राहक आयोगांनी कधी काही टक्के कापून क्लेम द्यायला लावलाय, तर कधी पूर्ण नाकारणं योग्य ठरवलंय. त्यावर भरवसा ठेवून टिक करू नका. पण एजंटने तुम्हाला न विचारता टिक केली असेल तर ते मुद्देसूद लेखी मांडा.

१५. क्लेम नोंदवला पण नंतर नको म्हणालो, किंवा कंपनीने नाकारला. तरी बोनस जातो?

पैसे दिले गेलेच नाहीत आणि क्लेम बंद झाला तर बोनस राहायला हवा. अडचण अशी की सिस्टीममध्ये तो "पेंडिंग" दिसत राहतो आणि पेंडिंग क्लेम असेल तर बोनस देत नाहीत. म्हणून मागे घेताना लेखी मेल करा आणि शून्य रकमेवर बंद केल्याचं पत्र मागून घ्या. नुसतं फोनवर सांगून सोडलेले क्लेम रिन्यूअलला भूत होऊन उभे राहतात.

१६. या वर्षी एक क्लेम झालाच आहे, दुसरा केला तर आणखी काय जाणार?

एनसीबीपुरतं काही नाही, शून्याच्या खाली ती जात नाही. त्यामुळे प्रश्न ४ मधलं गणित त्या वर्षापुरतं उलटं होतं. पण दोन-तीन क्लेम असले की कंपनी दर वाढवू शकते, झिरो डेपमध्ये वर्षाला क्लेमची मर्यादा असते, आणि प्रत्येक अपघाताला वेगळा क्लेम लागतो. जुने चरे-पोचे एकाच घटनेत घुसवायला जाऊ नका, सर्व्हेयर गंज आणि रंग बघून ओळखतो.

१७. रिन्यूअल आधीच करून ठेवलं, बोनस मिळाला, आणि जुनी पॉलिसी संपायच्या चार दिवस आधी गाडी ठोकली. आता?

क्लेम जुन्या पॉलिसीत होईल, म्हणजे नवीन पॉलिसीत घेतलेला बोनस चुकीचा ठरला. कंपनी तीच असली तरी आपोआप दुरुस्त होईल असं धरून चालू नका. स्वतः कळवून फरक भरा, नाहीतर प्रश्न १४ मधली अडचण न केलेल्या लबाडीसाठी तुमच्या गळ्यात येईल.

१८. ऑफिसची गाडी पाच वर्षं मीच चालवली, आता माझ्या नावावर केली. बोनस मिळेल?

हो, हा एक चांगला अपवाद आहे. गाडी फक्त तुम्हालाच दिलेली होती आणि आता मालकी तुमच्याकडे आली तर त्या काळातला बोनस तुम्हाला मिळतो. ऑफिसकडून तसं लेटरहेडवर लिहून आणा.

१९. पाच वर्षं दुबईत किंवा लंडनला गाडी चालवली, परत आलोय. तिथला बोनस इथे चालतो का?

तिथल्या कंपनीचं नो क्लेमचं पत्र असेल आणि तिथली पॉलिसी संपून तीन वर्षांच्या आत इथे घेत असाल तर चालतो, शिडी मात्र इथली लागते, ५० च्या वर नाही. तिथे असतानाच पत्र मागून घ्या, पुण्यात बसून मेलवर मागवायला फार दिवस जातात.

२०. कंपनी माझा हक्काचा बोनसच देत नाहीये. कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार नोंदवता येते. सोबत मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी जोडा, बोनसची ओळ पेनाने गोल करून.

२१. बाबा गेले. गाडी आईच्या नावावर करतोय. त्यांचा बोनस पण संपला का?

नाही संपला, आणि हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांनी तो सोडून दिलाय. विमाधारक गेल्यावर गाडी पत्नी किंवा पती, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे आली तर बोनस त्यांच्याकडे जातो. भावाकडे, पुतण्याकडे गेली तर नाही.

मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि आरसी नावावर होत असल्याची पावती घेऊन जा. पॉलिसी अजून चालू असेल तर ती संपायची वाट बघू नका, कारण ९० दिवसांचा नियम (प्रश्न ११) इथेही लागतो आणि त्या दिवसांत घरात कोणाचं लक्ष तारखेकडे नसतं. कागद अर्धवट असले तरी आधी या, बाकीचे मागून देता येतात.